दुसऱ्या गिअरमध्ये

पैसे परत मागायला येणारी माणसं मला रोज भेटतात.
परत द्यायला आलेली ही पहिलीच.

रॉटनस्टॉल, काउंटर नंबर तीन, मंगळवार.
आयडा एन्टविसल, वय ब्याऐंशी,
कोट ओला, आणि पाकीट असं धरलेलं
जणू आत कुणाचा तरी दात आहे.
चेक: चार हजार एकशे बारा पौंड, सदतीस पेन्स.

"हे माझे नाहीत, लव्ह," ती म्हणाली,
माझ्या छातीवरचं 'तहमीना' नीट वाचून झाल्यावर.

मी समजावलं. समजावण्याचाच मला पगार मिळतो.
शेजारच्या हॅस्लमनी अर्ज केला होता
की घर बी बँडमध्ये बसतं, सी मध्ये नाही.
तपासणाऱ्यांनी मग अख्खी ओळच तपासली
आणि नऊ घरं एक पायरी खाली उतरली.
एप्रिल त्र्याण्णवपासून जादा घरपट्टी भरलीत तुम्ही,
दर वर्षी थोडी थोडी, अठ्ठावीस वर्षं.
ती ही. व्याज मिळत नाही
(हे वाक्य मी नेहमी जरा घाईत म्हणते).

"पण आमचं घर सीच आहे."

मग तिनं मला नॉर्मन सांगितला.
सपाता बनवायच्या कारखान्यात तळ कापणारा,
दर रविवारी चार विटा लावून
पुढच्या खोलीला रस्त्याकडे पोट काढणारा:
तीन बाजूंनी काच असलेली खिडकी,
ओळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती.
एक्याण्णव साली सरकारी गाडी आली
तेव्हा तो शिडीवर होता, हातात पांढरा रंग.
आतल्या माणसानं मान वळवली, तीन सेकंद पाहिलं,
नॉर्मननं ब्रश उंचावला,
त्यानं काहीतरी लिहिलं.
पुढं पत्रं आली. समोरची ओळ बी, आमची सी.
"माझ्या खिडकीनं नऊ घरं वर नेली,
म्हणाला, आणि शेरी उघडली.
घरपट्टी वाढली म्हणून शेरी उघडणारा माणूस
पाहिलायस कधी?"

नव्हता पाहिला.
मला एवढंच माहीत होतं, की तेव्हा
अर्धा देश असाच मोजला, चालत्या गाडीतून,
दुसऱ्या गिअरमध्ये, घरामागे ठरलेल्या पैशांवर.
ते मी बोलले नाही.

"त्या माणसाचं नाव असेल ना तुमच्याकडे?"
नाही.
"मग आता कोण येऊन बघून गेलं?"
कुणी नाही. विक्रीचे जुने आकडे, कॉम्प्युटर.
"न बघता?"
न बघता.

आमच्याकडे खाली उतरवा म्हणायला फॉर्म आहे,
हप्ते पाडून द्या म्हणायला आहे,
घरात आता एकटीच राहते असं कळवायला आहे
(तो तिनं दोन हजार अकरा साली भरला होता, मला स्क्रीनवर दिसत होता).
मला होतं तिथंच ठेवा, याला फॉर्म नाही.

तिनं चेकची घडी घातली, मग आणखी एक.
"हॅस्लमला किती मिळाले?"
सांगता येत नाही.
"तेवढेच असणार." आणि अचानक
तिला हसू फुटलं, टेबलाला हात टेकावा लागला.
"अठ्ठावीस वर्षं, लव्ह,
आमच्या खिडकीचे पैसे भरत होता मेला."

मे महिन्यात टेकडीवरच्या त्या रस्त्यानं जाताना
परांची दिसली. कुजकी चौकट खाली उतरवलेली,
तीन बाजूंना नवी काच, अजून निळी पट्टी चिकटलेली,
आणि खुर्ची घेऊन बाहेर बसलेली आयडा
सुताराला सांगतेय काहीतरी, बोट नाचवत.

नियम मला पाठ आहे:
सुधारणा केली तरी घर विकेपर्यंत बँड चढत नाही.

चढ होता, गाडी दुसऱ्यात होती.
मान वळवली. तीन सेकंद,
कदाचित चार.
सी, मी मोठ्यांदा म्हटलं,
आणि मागच्या व्हॅननं हॉर्न दाबला.